गरारीचे दोन दात

"गाडीला पिकअप राहिला नाही," असं बाबा त्या वर्षी वरचेवर म्हणायचे. जेवताना म्हणायचे, गाडी पुसताना म्हणायचे, शेजाऱ्यांनी काही विचारलेलं नसतानाही म्हणायचे. उभी गाडी ओझं घेऊन चटकन निघत नाही, चढावर दम टाकते, असा त्याचा अर्थ. आम्ही मान डोलवायचो. दोष गाडीचा नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. मी आठवीत असताना त्यांचा डावा हात प्रेसमध्ये सापडला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं. अंगठ्याजवळचं बोट राहिलं, पण ते अर्धंच वाकायचं. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा आईनं त्या पट्टीकडे न बघता पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हापासून आमच्याकडे तेच चालत आलं. त्या हाताकडे कोणी बघायचं नाही, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. यातच त्यांचा मान आहे, असं आम्हाला वाटायचं.

कारखान्यानं त्यांना गेटवर बसवलं. वीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करत स्टुलावर बसणं जमलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, भरपाईच्या पैशातून एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली आणि उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचं काम धरलं. तिथल्या पाच नंबर कॅम्प नावाच्या भागात जीन्स शिवायचे छोटे छोटे कारखाने होते. शिवलेल्या पँटींचे धागे तोडणं, बटणं-हूक लावणं ही कामं बायकांना घरी दिली जायची. बाबा तो माल अंबरनाथ पूर्वेला आणि पुढे बदलापुरात शिरगावला नेऊन द्यायचे, झालेला माल परत आणायचे. प्रत्येक बाईचा गठ्ठा वेगळा आणि ओळखीसाठी त्याला रंगीत चिंधी बांधलेली. शिरगावातल्या एका म्हाताऱ्या मावशींची चिंधी हिरवी होती. दुसऱ्या रंगाचा गठ्ठा पुढे केला तर त्या हात लावायच्या नाहीत. "माजा न्हाई त्यो," म्हणायच्या आणि दार लोटून घ्यायच्या.

आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. निकाल लागला त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागच्या रांगेत डावा हात पाठीशी धरून उभे होते. मी उल्हासनगरच्या कॉलेजात सायन्सला गेलो. सकाळी लेक्चर्स, दुपारी प्रॅक्टिकल. वर्गातली अर्धी मुलं जे इंग्रजीत सहज बोलायची ते मी घरी येऊन डिक्शनरीत शोधायचो. तरी मी जात होतो. एकही दिवस चुकवत नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी बाबांबरोबर शिरगावला गेलो. दोनच गठ्ठे होते, म्हणून मला मागे जागा होती. शिरगावात शिरताना एक चढ लागायचा. नव्या बिल्डिंगांची कामं चालली होती, रस्ता खडीचा. चढाच्या मध्यावर एक टेम्पो समोरून येत होता, म्हणून बाबांनी गाडी थांबवली. टेम्पो गेला. बाबांनी गियर टाकला, आणि गाडी बंद पडली. किक मारली, परत गियर, परत बंद. तिसऱ्यांदाही तेच.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या हाताकडे मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होतो. क्लचच्या दांड्याला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती, बोट घसरू नये म्हणून. करंगळी आणि ते अर्धं वाकणारं बोट, एवढ्यावर ते दांडा ओढायचे. ओढला तर पूर्ण ओढला जायचा, सोडला तर पूर्ण सुटायचा. ओझं असलेली गाडी चढावर उचलायची तर क्लच थोडा वेळ अर्ध्यावर धरून ठेवावा लागतो, हळूहळू सोडावा लागतो. ते त्यांच्या हाताला जमत नव्हतं.

मागून एक रिक्षा हॉर्न वाजवायला लागली. हिरव्या चिंधीच्या मावशी वरच्या ओट्यावरून हे बघत होत्या.

"काय रं भाऊ, आज पन रुसली काय गारी? सवत आनलीस वाटतं घरात!"

बाबा हसले. हसले म्हणजे तोंडानं हसले. मग मला म्हणाले, "उतर. पिकअप नाही हिला."

मी उतरून मागून ढकललं. "आज पन" हे मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणजे हे रोजचंच होतं.

परतीच्या वाटेवर झालेला माल द्यायला आम्ही शेठच्या दुकानात गेलो. उशीर झाला होता. शेठ गादीवर बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लाजायचा नाही.

"भाऊ, ये तुम्हारा लड़का है ना? बड़ा हो गया. दोनों हाथ साबुत हैं इसके."

बाबा गठ्ठे उतरवून ठेवत राहिले.

"मेरे को टाइम पे माल चाहिए, भाऊ. तुम्हारा इस महीने में चार बार लेट हुआ. इसको बिठाओ गाड़ी पे. शादी का सीजन लगने के पहले मेरे को बोल दो. नहीं तो मैं टेम्पोवाले को दे दूँगा."

"तो कॉलेजला जातो," बाबा म्हणाले. मराठीतच म्हणाले.

"कालेज जा के क्या करेगा? आखिर में यही पैंट बेचेगा!" शेठ हसले आणि मला त्यांनी चहा सांगितला.

तो चहा मी प्यायलो. नको म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

घरी आल्यावर आईनं मला भाजी निवडायला बसवलं आणि हळूच विचारलं, "दुपारचं ते तुझं प्रॅक्टिकल रोज असतं का रे? एखाद दिवस नाही गेलं तर चालतं?" तिला शेठचं बोलणं आधीपासून माहीत असणार. मी म्हणालो, चालत नाही. ती "बरं" म्हणाली. मेथीची एक जुडी आम्ही निवडून संपवली. मला सगळं स्वच्छ कळलं होतं. बाबांना गाडी चढावर उचलता आली तर मी कॉलेजात राहणार. नाहीतर लग्नसराईच्या आधी गाडीवर मी बसणार, आणि एकदा बसलो की उतरणार नाही. आमच्या वस्तीतली दोन मुलं अशीच "थोडे दिवस" कामाला लागली होती.

कॉलेजच्या लायब्ररीत मी यंत्रांवरचं एक पुस्तक शोधलं. गियरचं प्रकरण चार वेळा वाचलं तेव्हा थोडं उमगलं. मोटारसायकलला इंजिनाजवळ एक छोटं दातेरी चाक असतं आणि मागच्या चाकाला एक मोठं, दोघांवरून चेन फिरते. मेकॅनिक त्या छोट्याला गरारी म्हणतात. गरारीचे दात कमी केले की इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात, पळण्याचा वेग कमी होतो, पण मागच्या चाकाला जोर जास्त मिळतो. गाडी उभ्या जागेवरून चटकन उचलते. क्लच अर्ध्यावर फार वेळ धरून ठेवायची गरज उरत नाही. हे मी एका कागदावर उतरवून घेतलं. पुस्तकातलं काही आमच्या घरातल्या कशाला तरी लागू पडतंय, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

खडूनं एका दातावर खूण करून मी दात मोजले. मागे बेचाळीस, पुढे पंधरा. एक दात कमी केला तर जोर सात टक्के वाढत होता. दोन कमी केले तर पंधरा. मी तो कागद तीन दिवस खिशात ठेवून हिंडलो. फिजिक्सच्या सरांना दाखवावा असं फार वाटत होतं. दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेलो. आत सर कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होते. मी काय विचारणार होतो? "सर, माझ्या वडिलांना क्लच धरता येत नाही"? मी परत फिरलो. आता वाटतं, विचारलं असतं तर त्यांनी मला दोन साधे प्रश्न केले असते. ओझं गाडीवर कुठे बांधतात, आणि चालवणाऱ्याला हे माहीत आहे का.

बाबांना सांगायचं नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सांगायचं तर त्या हाताचा विषय काढावा लागणार होता. आणि मला ते छान वाटत होतं, की त्यांना काही कळणारच नाही. गाडी आपोआप सुधारली असं त्यांना वाटेल, त्यांचा मानही राहील. एका रविवारी मी म्हणालो, "बाबा, चेन फार मळलीय. साफ करून आणतो."

"आण," ते म्हणाले.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एक म्हातारे सिंधी मेकॅनिक होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली बसायचे, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. मी माझा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"ये क्या है, साईं? शादी का कार्ड?"

मी त्यांना हिशेब समजावला. ते ऐकून घेत होते, पण हात चेनवरून फिरत होता.

"बराबर लिखा है," शेवटी म्हणाले. "गरारी छोटी करने से पिकअप आएगा. एक दाँत कम कर देता हूँ."

"एक नाही चाचा, दोन."

"दो?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पहाड़ चढ़ना है क्या तेरे को? एक काफी है. पहले एक लगा के चला. आदमी का हाथ भी तो सीखता है ना नई गाड़ी. फिर देखेंगे."

"लोड खूप असतो. एकानं भागणार नाही."

"चलाता कौन है?"

"वडील."

"उनको बोला है?"

"हो," मी म्हणालो.

चाचांनी खांदे उडवले. "कालेजवाला है तू. तू जाने."

मी दोनवर का अडून बसलो, हे मला तेव्हाही माहीत होतं. सात टक्क्यांवर माझा भरवसा बसत नव्हता. सातानं कदाचित भागलं असतं, कदाचित नसतं. पंधरानं नक्की भागलं असतं. मला नक्की हवं होतं. बाबांसाठी हवं होतं, आणि त्याच्या खाली, मी स्वतःलाही न दाखवता ठेवलेलं, माझ्यासाठी हवं होतं. माझी प्रॅक्टिकल्स, माझी जर्नल्स, माझं नाव.

चाचांनी तेरा दातांची गरारी कुठल्याशा डब्यातून शोधून काढली, मागचं चाक मागे ओढून चेन ताणली. मी गाडी घेऊन निघालो, तर ती उधळल्यासारखी पुढे सरकली. अंबरनाथच्या शिवमंदिराकडचा एक छोटा चढ मी मुद्दाम तीन वेळा थांबून थांबून चढलो. एकदाही बंद पडली नाही. इंजिन जरा चिरक्या आवाजात ओरडत होतं. पण मी आनंदात होतो. मी दोन धड हातांनी चालवत होतो आणि मागे ओझं नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी बाबा संध्याकाळी लवकर घरी आले. मंगळवारी त्याहून लवकर.

"चेन साफ केल्यानं केवढा फरक पडतो बघ," ते आईला म्हणाले.

"मग आधी का नाही केली साफ?" आई म्हणाली. "चार महिने नुसतं पिकअप पिकअप करून माझे कान किटले."

"मला काय माहीत. कॉलेजात शिकवतात ते." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी जर्नल उघडून बसलो होतो. मी मान वर केली नाही.

गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. बदलापूरहून कोणीतरी फोन केला होता. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबा बाकड्यावर बसले होते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फळीला बांधलेला. सायलेन्सरनं पोटरी भाजली होती. शर्टाला खडी चिकटलेली.

झालं ते हिरव्या चिंधीच्या मावशींनी सांगितलं. त्याच बाबांना रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या. गाडी चांगली चालतेय म्हणून बाबांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा एक गठ्ठा जास्त घेतला होता. तो मागे कॅरियरच्या टोकाला बांधला होता. चढाच्या मध्यावर एक म्हैस आडवी आली. ते थांबले, आणि निघताना नेहमीच्या सवयीनं ॲक्सिलरेटर पिळून क्लच सोडला.

"पुरचं चाक वर ग्येलं रं पोरा," मावशी म्हणाल्या. "घोरा उभा रावतो तसं. भाऊ मागं, त्याच्यावर गारी, गारीवर गठ्ठं. मी सवतीची मस्करी करायची रोज. आता जीभ झरली माजी."

म्हणजे मी कागदावर नीट मांडलेला तो पंधरा टक्के जोर, मागे लटकलेलं ओझं आणि एकदम सुटणारा क्लच, तिन्ही एकत्र आली होती. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. उजव्या मनगटाचं. बाबांचा चांगला हात.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीवर बसलो. शेठ या वेळी काही हसले नाहीत. "अच्छे से चलाना," एवढंच म्हणाले आणि ओझं कमी दिलं. सकाळची लेक्चर्स मी करायचो, दुपारी गठ्ठे. प्रॅक्टिकल बुडायला लागली. मी चालवत होतो तेव्हा ती गाडी कुठल्याही चढावर सुरेख उचलायची, आणि प्रत्येक वेळी मला लाज वाटायची.

बाबांना आई भरवायची. एक दिवस ती विहारातल्या कामाला गेली होती, म्हणून मी वरणभात कालवून त्यांच्यासमोर बसलो. दोघांनाही अवघड झालं. मोठ्या माणसाला घास किती मोठा द्यायचा हेही मला कळेना. तीन-चार घास झाले. मग मला राहवेना.

"बाबा, चेन नुसती साफ नव्हती केली मी."

ते चावत होते. गिळून झालं तेव्हा म्हणाले, "किती दात?"

माझा हात तसाच राहिला.

"दोन," मी म्हणालो.

"एक पुरला असता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्षं मशीनवर काढली मी. इंजिनाचा आवाज बदललेला कळणार नाही? सोमवारी कोपऱ्यावर वळायच्या आधीच कळलं."

"मग बोलला का नाही?"

ते भिंतीकडे बघत होते. "वाटलं, तू सांगशील."

बाहेर नळाला पाणी आलं होतं, बायकांची गडबड ऐकू येत होती. मग बाबा म्हणाले, "तो गठ्ठा मी मुद्दाम जास्त घेतला. टोकाला बांधतोय, पुढून हलकी होतेय, हे मला जाणवत होतं. एक मन सांगत होतं, नको. पण म्हटलं, पोरानं केलंय. शिकलेला आहे तो. वहीत मांडून, सगळा विचार करून केलं असेल. आपल्याला काय कळतं त्यातलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वीस वर्षं यंत्राजवळ काढलेल्या माणसानं स्वतःच्या हाताला जे जाणवत होतं ते बाजूला ठेवलं होतं, माझ्या कागदावर विश्वास टाकून. तो कागद त्यांनी पाहिलाही नव्हता. आणि माझ्या त्या कागदावर त्यांचा हात कुठेच नव्हता.

"मी तुमच्या हाताबद्दल बोलायला घाबरलो," मी म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य याआधी कोणी उच्चारलं नव्हतं.

त्यांनी डावा हात मांडीवरून उचलून ताटाजवळ ठेवला. पालथा केला, उताणा केला. "बघ," म्हणाले. "हे बोट इथपर्यंत येतं. इथून पुढे नाही. करंगळीत जोर आहे, पण ती लवकर थकते. सकाळी बरं असतं. दुपारनंतर धरवत नाही. हे माहीत असतं तर तू हिशेब वेगळा केला असतास का?"

"हो."

"मग चूक अर्धी माझी," ते म्हणाले. "भरव. भात गार होतोय."

प्लास्टर निघाल्यावर ते मला घेऊन चाचांकडे गेले. मी चालवत होतो, ते मागे बसले होते. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. डावा हात चाचांच्या चष्म्यासमोर धरला आणि म्हणाले, "इस हाथ के लिए गाड़ी बना दो."

चाचांनी हात हातात घेतला. बोट वाकवून पाहिलं, करंगळी दाबून पाहिली, एखादा पार्ट तपासावा तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेरा कागज अच्छा था, कालेजवाले. ये लिखना भूल गया तू."

चौदा दातांची गरारी लागली. क्लचची केबल नवी आली, तिला ग्रीस भरलं, दांडा बोटाजवळ यावा म्हणून थोडा आत वाकवला. ओझं मागच्या टोकाला न बांधता दोन्ही बाजूंना, पुढे सरकवून बांधायचं ठरलं. मग पंधरा दिवस रोज सकाळी बाबा मैदानात सराव करायचे. मी मागे बसायचो, गठ्ठ्याच्या जागी. कधी गाडी बंद पडायची, कधी झटका द्यायची. "आता काय चुकलं?" असं ते मलाच विचारायचे, आणि मी सांगायचो, "लवकर सोडला." पूर्वी मी असं बोलू शकलो नसतो. पंधराव्या दिवशी ते एकटे शिरगावला जाऊन आले. वेळेवर आले. शेठनं काम त्यांच्याकडेच ठेवलं.

हे सगळं होईपर्यंत माझं वर्ष गेलं होतं. प्रॅक्टिकलची हजेरी भरली नाही, जर्नलवर सही मिळाली नाही, परीक्षेला बसता आलं नाही. वस्तीत लोक विचारायचे, "काय, सोडलं का कॉलेज?" मला स्वतःलाच माहीत नव्हतं. हातात गाडी बसली होती. बाबांना विश्रांती मिळाली असती. "थोडे दिवस" असेच वाढत जातात, हे मला दिसत होतं.

जूनमध्ये एका सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि म्हणाले, "चल. फॉर्म भरायचाय ना?"

ते माझ्या कॉलेजात पहिल्यांदा येत होते. खिडकीपाशी रांग होती. वर्ष वाया गेलेल्यांसाठी वेगळा फॉर्म होता, त्यात एक रकाना होता: खंड पडण्याचे कारण. मी सवयीनं लिहायला सुरुवात केली, "घरगुती अडच..."

"काय लिहितोस?" बाबांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"खरं लिही," ते म्हणाले.

मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो. मागचा मुलगा म्हणाला, "चल ना यार, लाइन रुकी है." मी "घरगुती अडच" खोडलं आणि लिहिलं. वडिलांच्या डाव्या हाताला दोन बोटे नाहीत. मी त्यांना न विचारता त्यांच्या मोटारसायकलमध्ये बदल केला. त्यामुळे त्यांचा अपघात झाला. ते बरे होईपर्यंत त्यांचे काम मी केले.

क्लार्कनं फॉर्म घेतला, रकाना वाचला, आणि खिडकीतून आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं.

"अहो, एवढं सगळं कशाला लिहिलं? घरगुती कारण म्हटलं की झालं. दुसरा फॉर्म देतो, नीट भरा."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "तसंच आहे ते."

क्लार्कनं पालकांच्या सहीच्या जागी बोट ठेवलं. बाबांनी डाव्या हातानं फॉर्म दाबून धरला, आणि उजव्या हातानं, अजून पुरतं न वळणाऱ्या मनगटानं, अक्षर अक्षर करत सही केली. मागची पोरं बघत होती. बाबांनी डावा हात काढून घेतला नाही.